काय खावे आणि कोणाशेजारी बसावे

चऱ्होली, चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कंपनीतला अभियंता कामानिमित्त न्यूयॉर्कला जातो आणि तिथले सहकारी त्याला एके संध्याकाळी कोशर स्टेकहाउसमध्ये जेवायला नेतात, ही आता फारशी अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. गटात एखादाच यहुदी धर्मनियम काटेकोर पाळणारा असतो. इतरांना कोठेही चालते, त्याला चालत नाही. म्हणून सारेच त्याच्या नियमाच्या घरी जातात. नवख्याला टेबलावर वेगळे असे काही जाणवतही नाही. मांस असते, पण त्यावर लोण्याचा गोळा नसतो आणि शेवटी दुधाचे आइस्क्रीम येत नाही. कारण मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचे नाही. रक्त निघून जावे म्हणून मांस मिठात ठेवलेले असते. जनावराच्या मागल्या भागाचे तुकडे तर बहुधा नसतातच. याकोबाच्या मांडीला झालेल्या इजेची आठवण म्हणून तिथली एक नस निषिद्ध आहे, आणि ती काढून टाकणे इतके किचकट असते की पुष्कळ खाटीक तो भाग परक्यांना विकून मोकळे होतात.

या पंक्तीत मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. नियम कडक आहे, पण तो ताटातल्या पदार्थाला आहे. शेजारच्या खुर्चीला नाही. (अगदी नाही असे म्हणता येणार नाही. परक्याच्या हातची द्राक्षाची दारू आणि परक्याने एकट्याने रांधलेले अन्न यांबद्दल यहुदी शास्त्रात निर्बंध आहेत, आणि त्यांमागे सोयरीक वाढू नये हा हेतू उघड आहे. पण एका टेबलावर बसण्याला त्यांची आडकाठी होत नाही.) आपल्याकडचा पंक्तीचा इतिहास वाचताना ‘काय खावे’ आणि ‘कोणाबरोबर खावे’ हे दोन नियम आपण नेहमी एकाच श्वासात उच्चारतो. ते वेगळे आहेत, आणि एक दुसऱ्यात कसा शिरतो हे पाहायचे तर मराठी बोलणाऱ्या यहुद्यांकडे, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल समाजाकडे जावे लागते.

हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने हे लोक आपल्यापैकीच आहेत हे कसे ओळखले, याची कथा त्या समाजात परंपरेने सांगितली जाते. त्याने बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून बाकीची बाजूला सारली. कथा ऐतिहासिक कसोटीला किती उतरेल तो प्रश्न वेगळा. पण ग्रंथ हरवलेल्या समाजाची ओळख स्वयंपाकघरात पटावी, आणि ती बायकांनी पटवावी, ही तिची मांडणी विलक्षण आहे. कोळंबी, खेकडा, मुशी, पाकट सोडून कोकणात राहणे म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. मांसाच्या रश्श्यात दूध चालत नव्हते, पण नारळाचे दूध चालत होते, आणि कोकणात त्याचा तुटवडा कधीच नव्हता. युरोपातल्या धर्मशास्त्र्यांनी मांसाबरोबर बदामाचे दूध वाढताना पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवायला सांगितले. अलिबागेत नारळ ठेवण्याची गरज कोणाला वाटली असती?

त्यांच्या सणांची जुनी मराठी नावेही जेवणाचीच आहेत: खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. हिब्रू नावे विसरली गेली तेव्हा पंचांगाचे काम चुलीने केले.

आता दुसरी बाजू. कोकणातले बेने इस्राएल गोमांस बहुधा वर्ज्य मानत. मोशेच्या नियमशास्त्रात त्याला काही आधार नाही. तो शेजाऱ्यांचा नियम होता आणि शेजारधर्माने घरात आला. त्याच वाटेने आणखी एक गोष्ट आली. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांच्या पूर्वजांपैकी एक जण यहुदी नव्हता असे मानले जाई ते. दोहोंत बेटीव्यवहार नव्हता, आणि गोरे आपल्या स्वयंपाकाच्या भांड्यांना काळ्यांचा हात लागू देत नसत. दोघांची मासळी एकच, खाटीक एकच, नारळाचे दूध एकच. पदार्थात काडीचाही फरक नसताना भांडे वेगळे झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला (तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला). त्यात या भेदाची नोंद आहे. पुढे बगदादी यहुदी मुंबई-पुण्यात आले आणि त्यांनी सगळ्याच बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीवर बोट ठेवले, तेव्हा गोऱ्यांना स्वतःच्याच तराजूत बसावे लागले.

याच समाजाने १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापला. वल्हांडणाच्या रात्री जेवणाआधी वाचायच्या या पोथीच्या आरंभी भुकेल्यांना आपल्या पंक्तीला येण्याचे आवाहन आहे, आणि पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या पोथीला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे.

त्याच पुण्यात सोळा वर्षांनी पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. १८९० सालच्या त्या प्रसंगाला टिळक, रानडे आणि त्यांचे स्नेही-सहकारी हजर होते: संपादक, न्यायाधीश, शिक्षक. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी नावे फोडली, ‘पुणेवैभवा’त ती छापली गेली आणि ग्रामण्य सुरू झाले. त्या चहाबिस्किटांत निषिद्ध काय होते, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात गौण होता. तो कोणाच्या घरी, कोणाच्या हातून घेतला एवढेच मोजले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले, आणि सुधारकांना ते जिव्हारी लागले. रमाबाईंच्या आठवणींतले हे प्रकरण विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. कोशर नियम कितीही जाचक म्हटला तरी त्याला निदान पदार्थाचे नाव विचारता येते. इथे विचारायला पदार्थच नव्हता.

चऱ्होलीला परत येऊ. चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर. या पट्ट्यात कोशर स्टेकहाउस नाही, आणि २०१५ पासून राज्यात गोवंशहत्येला पूर्ण बंदी असल्यामुळे त्याचा विचारही नको. पण नियम पाळणारा सहकारी मात्र इथे आहे: तो माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस, मासळी, दारू बंद. हा नियमही पदार्थाचाच. माळ कोणीही घालावी, काल्याचा प्रसाद कोणीही कोणाच्या हातून घ्यावा. तरीही इरावती कर्वे आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणे निराळी असल्याचे त्यांनी पाहिले. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात (पुस्तक १९४९ चे) त्याचा सल आहे. भजन एक, नियम एक, चुली दोन. केहिमकरांच्या कोकणापासून हे फार दूर नाही.

कारखान्याने यात काय बदलले? १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह ठेवायला लावण्याची तरतूद केली, आणि पाळीची घंटा झाली की जो शेजारी येईल त्याच्या शेजारी ताट घेऊन बसणे भाग पडले. कोणत्याही सहभोजनाच्या चळवळीपेक्षा या घंटेने अधिक माणसे एका बाकावर आणली असे म्हणण्याचा मोह होतो. पण गावाभोवती उठलेल्या इमारतींत भाडेकरूला ‘तुम्ही शाकाहारी ना?’ असे विचारले जाते, तेव्हा तो प्रश्न नेहमीच भाजीचा असतो असे नाही. पदार्थाच्या नियमाआड माणसाचा नियम लपवण्याची ही जुनीच युक्ती आहे, आणि ती आता भाडेकरारात शिरली आहे.

विभागाचे जेवण मात्र अजून ढाब्यावर होते. बाकीच्यांसाठी मटण येते, माळकऱ्यासाठी पिठले-भाकरी. तो वाढप्याला एवढेच विचारतो, की रश्श्यातला डाव पिठल्यात घातला नाही ना. वाढपी नाही म्हणतो, आणि तो शेजाऱ्याकडून कांदा मागून घेतो.