शेवाळाचं तेल

लहानपणी विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरून मी गुडघे फोडून घेतले आहेत. त्याच शेवाळाच्या सूक्ष्म भाऊबंदांपासून डिझेल काढायची खटपट अमेरिकेनं १८ वर्षं केली, हे वाचलं तेव्हा म्हणूनच नवल वाटलं.

१९७३ च्या तेलटंचाईनं अमेरिका हादरली होती. १९७८ मध्ये तिथल्या ऊर्जा खात्यानं हे काम हाती घेतलं. शास्त्रज्ञांनी तळी, खारी डबकी धुंडाळून ३ हजारांवर वाण गोळा केले. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला हजार चौरस मीटरची उघडी तळी बांधली; पण थंडीनं वाढ खुंटे. नायट्रोजन तोडला की पेशीतलं तेलाचं प्रमाण वाढे, मात्र शेवाळाची वाढच मंदावे. उपाशी गाईच्या दुधावर साय दाट आली, तरी चरवी भरत नाही, तशातली गत!

१९९६ मध्ये निधी आटला, काम थांबलं. पुढे २००८ मध्ये तेल भडकलं आणि शेवाळ पुन्हा आठवलं. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या संशोधनात उतरली; २०२३ मध्ये तिनंही अंग काढून घेतल्याची बातमी आली.

मला वाटतं, शेवाळापेक्षा आपला धीरच तोकडा पडला. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाऊस पडताच ती बुजवायची, हे किती दिवस चालणार?