पहिल्या पाळीची सायकल

आकुर्डीचे नाव काढले की स्कूटर डोळ्यांपुढे येते, आणि ते साहजिकच आहे. बजाज ऑटोने 1960 मध्ये इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवण्याचा परवाना मिळवला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून कारखाना उभा राहिला, आणि तो करार संपल्यावर 1972 पासून हीच परंपरा चेतकच्या नावाने पुढे चालली. कारखान्याचा इतिहास त्यातून बाहेर पडलेल्या मालावरून लिहायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे स्कूटर घडवणारे हात सकाळी कशावर बसून कामाला येत, हा प्रश्न या इतिहासात सहसा विचारलाच जात नाही. ते सायकलवरून येत. आज यवत-इंदापूरच्या मोकळ्या माळावरून एखादा सायकलस्वार दिवसभर एकटाच पायडल मारत जाताना दिसला, की लोक त्याला शहरातल्या सुखवस्तूंचा नवा छंद समजतात. मला हे पटत नाही. निदान आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात लांब पल्ल्याची सायकल प्रथम छंद म्हणून आली नाही. ती पहिल्या पाळीच्या भोंग्याबरोबर आली आणि दोन पिढ्यांच्या पायांत मुरली.

या पट्ट्यात कारखाने आधी आले आणि शहर मागून आले, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954 मध्ये झाली, औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये, आणि त्याच दशकात टेल्कोही पिंपरीत आली. आकुर्डी, पिंपरी, चिंचवड आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली ती 1970 मध्ये. कामगारांच्या घरांचा विचार करणारे नवनगर विकास प्राधिकरण 1972 चे, आणि महानगरपालिका 1982 ची. म्हणजे भट्ट्या पेटल्या आणि यंत्रे फिरू लागली, तेव्हा ती चालवणाऱ्या माणसांना राहायला जवळपास पुरेशी घरेच नव्हती. माणसे राहत होती मावळातल्या गावांत, खेड तालुक्यात, देहू-आळंदीच्या आसपास, नाहीतर पुण्याच्या पेठांत. घर आणि गेट यांच्यात दहा-वीस किलोमीटरचे अंतर पडले ते त्यामुळे. ते अंतर सर्वात स्वस्तात कशाने तोडता येत होते, हे देशाच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून कळते. 1950-51 मध्ये भारतात साधारण एक लाख सायकली तयार झाल्या, 1960-61 मध्ये सुमारे 10 लाख 70 हजार, आणि 1970-71 मध्ये 20 लाखांच्या वर. त्याच 1970-71 मध्ये स्कूटर, मोपेड आणि मोटरसायकली एकत्र मोजल्या तरी त्या लाखाच्या आतच होत्या. एका स्वयंचलित दुचाकीमागे वीसहून अधिक सायकली, असे ते प्रमाण. चेतकसाठी पुढे दहा-दहा वर्षांची प्रतीक्षायादी लागली. नंबर लावणाऱ्यांनी ही वर्षे कशी काढली असतील, याचे उत्तर बहुतेक घरांच्या ओसरीत भिंतीला टेकून उभे होते.

यावर एक हिशेब मांडून पाहू. गाव कारखान्यापासून 18 किलोमीटरवर आहे असे धरा. हे अंतर मुद्दाम ताणलेले नाही, वडगाव मावळ ते आकुर्डी याच्या आसपासच भरेल. जाऊन-येऊन 36 किलोमीटर, महिन्याला 25 पाळ्या, म्हणजे 900 किलोमीटर. वर्षाला दहा हजारांच्या वर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सुमारे 29 हजार किलोमीटरची होती. तिने ती 159 दिवसांत केली आणि ती थोर आहेच. पण एवढेच अंतर मावळातला फिटर पावणेतीन वर्षांत कापत होता, तेही मागे कॅरिअरला डबा अडकवून, गिअर नसलेल्या जड लोखंडी सायकलवर. त्यातही वाऱ्याचा त्रास वेगळाच. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून येतो. मावळातून आकुर्डीकडे, म्हणजे पूर्वेच्या अंगाने येताना सकाळी तो पाठीशी असतो आणि घरी परतताना छातीवर. आठ तास यंत्रासमोर उभे राहिल्यानंतरचे ते अंतर नकाशात 18 किलोमीटर असले, तरी पायांना ते तेवढेच वाटले नसणार.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कंपन्यांच्या बसगाड्या होत्या आणि रेल्वेही होती, मग सायकलीचे एवढे काय कौतुक? बसगाड्या होत्या हे खरे, पण त्या हमरस्त्याने ठरलेल्या थांब्यांवर जात. आतल्या गावातून थांब्यापर्यंत यायला पुन्हा सायकलच लागायची. पुणे-लोणावळा लोकल 1978 मध्ये सुरू झाली, म्हणजे कारखाने उभे राहून बराच काळ लोटल्यावर, आणि तिचा उपयोग लोहमार्गाला धरून असलेल्या गावांनाच. खेड तालुक्याचे काय? चाकण आज मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते, पण तेव्हा ते कांद्याच्या बाजाराचे गाव होते आणि तिथे रेल्वे नव्हती. ती अजूनही नाही. चाकणकडून मोशी, भोसरीमार्गे इंद्रायणी ओलांडून कामावर येणाऱ्यापुढे फारसे पर्यायच नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पोटासाठी रोज केलेली फेरी आणि स्वतःच्या इच्छेने केलेला प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईचे सहा पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये सायकलवरून जग पाहायला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांना कुणी भोंगा वाजवून बोलावले नव्हते. हा फरक मी नाकारत नाही. कष्टाला प्रवासाचे गोड नाव देणे हा कष्ट करणाऱ्यावर अन्याय आहे, हेही मान्य. आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सकाळी माणसे घोळक्याने निघत, त्यामुळे ‘एकट्याची सायकल’ हे वर्णन दुसऱ्या पाळीनंतर रात्री घरी जाणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने लागू पडते. शिवाय या इतिहासात स्त्रिया फारच थोड्या आहेत. कारखान्याचे गेट बहुतेक पुरुषांसाठीच उघडत होते. पण अंतर पेलण्याची सवय कुठून आली याचा शोध घेत असताना, हौस आणि गरज यांच्यात एवढी पक्की भिंत घालता येत नाही. आकुर्डीलाच बघा. तुकोबांच्या पालखीने देहू सोडले की पहिला मुक्काम इथल्या विठ्ठल मंदिरात पडतो. तिथून पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर, अकलूज असे करत पालखी पंढरीला पोचते. या वाटेवर चालणाऱ्याला ‘तू गरजेने चाललास की हौसेने’ असे कुणी विचारत नाही. देहाने तोडलेल्या अंतराला या भागात पूर्वीपासून मान आहे. रोजच्या 36 किलोमीटरांना तो मिळाला नाही, याचे कारण त्या फेरीला अभंग नव्हता आणि पताका नव्हती. आज सायकलने पंढरपूरला जाणारे गट याच माळावरून दोनशेहून अधिक किलोमीटर एका दिवसात जातात तेव्हा त्यांच्यात वारीही असते आणि पहिली पाळीही. त्यांतल्या कितीतरी जणांचे वडील कारखान्याच्या सायकल स्टँडवर रोज कुलूप लावत असतील.

मग ती सायकल मागे का पडली? माणसाला आराम हवा होता, हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. 1972 मध्येच आलेल्या लूना मोपेडला पायडल होते. इंजिन बंद पडले तर मारायला म्हणून ते ठेवलेले. मला ते पायडल फार बोलके वाटते, कारण घेणाऱ्याच्या मनातून सायकल अजून गेली नव्हती. ती घालवली रस्त्याने. मुंबई-पुणे रस्ता रुंद होत गेला, ट्रक वाढले, भुयारी मार्ग आणि उड्डाणपूल झाले, आणि प्रत्येक रुंदीकरणात सायकलचा काठ अरुंद होत गेला. नाशिक रस्त्याचेही तेच. चाकणमध्ये वाहनांचे कारखाने आले, रोजगार आला, आणि ज्या रस्त्याने एकेकाळी शेकडो सायकली भोसरीकडे उतरत तिथे अवजड वाहनांमध्ये सायकल घालायला आता धीर लागतो. हौशी सायकलस्वार पहाटे पाचला निघतात ते गारव्यासाठी जेवढे, तेवढेच ट्रक सुरू होण्याआधी गावाबाहेर पडण्यासाठी.

सायकल हे काम करणाऱ्याचे वाहन आहे, ही जाणीव सरकारी दप्तरात मात्र टिकून राहिली. 2017 मध्ये केंद्र सरकारने भत्त्यांची छाटणी केली तेव्हा पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमन यांचा सायकल भत्ता रद्द न करता महिना 90 रुपयांवरून 180 केला. रस्त्यावर ती टिकली नाही. आकुर्डीच्या कारखान्यातले गाड्यांचे उत्पादन 2007 मध्ये थांबले, आणि 2022 मध्ये तिथेच विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. त्या गेटपासून थोड्या अंतरावर किवळ्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येऊन मिळतो. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्यावर दुचाकींना मनाई आहे. तिथे सायकललाही जाता येत नाही, आणि आकुर्डीत घडलेल्या चेतकलाही नाही. दोघींना मुंबईकडे जायचे तर 1830 मध्ये बोरघाटातून चाकांसाठी खुला झालेला जुना रस्ताच धरावा लागतो.