दिनविशेष : ५ जून – ना. म. जोशी जन्मदिन

माणगाव तालुक्यातील गोरेगाव येथे ५ जून १८७९ रोजी नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेचे ते एक संस्थापक. परंतु त्याआधीच, १९११ मध्ये, त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगावात, दिवसभर साच्यावर राबलेल्या हातांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये उघडली, आणि हे कार्य अधिक मूलगामी मानावे लागेल. कामगार कुटुंबांच्या शिक्षणाला असाच आधार आजही मिळतो : कामगार, मालक व शासन यांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कामगार कल्याण निधीतून महाराष्ट्रात कामगारांच्या महाविद्यालयीन पाल्यांना शिष्यवृत्ती मिळते.