कुंडीतला वाळा

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी नर्सरीतून गवती चहा आणला. म्हणजे, गवती चहा समजून आणला. नर्सरीवाल्यानेही तसंच सांगितलं होतं, आणि गवतात गवत काय ओळखायचं म्हणून मीही मान डोलावली. रविवारी सकाळी हौसेने दोन पानं चुरगाळून आधणात टाकली, तर चहाला नुसता चहाचाच वास! आणखी चार पानं टाकली. तरी तेच. प्रोग्रॅम चालतोय, एरर कुठेच नाही, पण उत्तर मात्र चुकीचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात छळवादी प्रकार. मग रविवार त्याच्यामागे घालवणं आलंच.

शेजारणीच्या कुंडीतला खरा गवती चहा शेजारी ठेवून पाहिला. त्याचं पान लांबलचक, टोकाकडे वाकून लोंबणारं, आणि नखाने खरवडलं तरी लिंबाचा वास देणारं. माझ्या गवताची पानं अरुंद, ताठ, मधल्या शिरेवर इस्त्रीची घडी घातल्यासारखी. बुडाशी ती एकमेकांवर चपटी बसलेली, मिटलेल्या पंख्यासारखी. पानाला वास असा काहीच नाही. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पानं काय हुंगतोस? मूळ हुंगून बघ."

कडेची माती उकरून एक मूळ तोडलं, बोटांत चुरडलं, आणि एकदम मे महिना आला! आजोळचा माठ, ओल्या मातीचा गारवा, पाण्याला येणारा तो किंचित कडवट सुगंध. वाळा! (बाळाच्या पायातला नव्हे, माठातला.) इतकी वर्षं मी वाळ्याची जुडी पाहिली, वाळ्याचं सरबत प्यायलो, पण त्याचं झाड कधी पाहिलंच नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय, सांगा बरं?

आता याला आपण तरी काय करणार? या गवताचं सगळं नाव त्याच्या मुळांनी कमावलेलं. संस्कृतात ते 'उशीर'. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच शकुंतलेच्या अंगाचा दाह शमवायला वाळ्याचा लेप नेला जातो. अकबराच्या दरबाराविषयी अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की बांबूच्या चौकटींत ही मुळं भरायची आणि वर पाणी शिंपडायचं, की ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो. पुढे 1663 च्या सुमारास फ्रेंच प्रवासी बर्निये याने दिल्लीच्या बड्या लोकांच्या वाड्यांतले 'खसखाने' पाहिले आणि त्यांचं वर्णन केलं. (फारसी 'खस' म्हणजे गवत. आपली अनारशावरची खसखस वेगळी, ती अफूची बी. आणि बाटलीतलं खस सरबत हिरवंगार असतं तो रंगाचा प्रताप, मूळ बिचारं तपकिरी असतं.)

मग साहेब आला. त्याने खसाचे पडदे तर उचललेच, पण त्यांना यंत्रही जोडलं. लाकडी पेटी, आत हाताने फिरवायचा पंखा, बाजूंना ओले वाळ्याचे पडदे. या प्रकरणाला त्याने 'थर्मॅन्टिडोट' असं भारदस्त नाव दिलं. आपला डेझर्ट कूलर दुसरं काय आहे? साहेबाच्या वेळी पंखा फिरवायला एक माणूस उन्हात उभा राहायचा, आपण तिथे मोटर बसवली, एवढाच फरक. नंतर कूलरमधून वाळाही गेला. त्याच्या जागी लाकडाचा भुसकट-पेंढा आला, मग मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आले.

हा झाला उपटलेल्या वाळ्याचा इतिहास. न उपटलेल्या वाळ्याचा इतिहास वेगळाच आहे, आणि तो राजवाड्यात नाही, बांधावर घडला.

कर्नाटकात म्हैसूरजवळ गुंडलुपेट म्हणून गाव आहे. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले. कारण अगदी साधं. हे गवत रांगत नाही, जमिनीखालून धुमारे सोडून शेजाऱ्याच्या शेतात घुसत नाही. जिथे लावाल तिथेच ठोंब धरून बसतं. भाऊबंदकीत हद्दीचा दगड रात्रीत सरकतो, वाळा सरकत नाही! आणि मुळं? ती आडवी पसरण्याऐवजी सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन-तीन मीटर. वर दाट पानांची चाळण, खाली मुळांची भिंत. पाणी चाळणीतून हळूहळू पुढे जातं, माती मागे राहते.

तिकडे फिजी बेटांवर 1950 च्या दशकात जॉन ग्रीनफिल्ड हा माणूस उसाच्या उतारावरच्या शेतांत नेमका हाच प्रयोग करत होता. वाळ्याच्या रांगांमागे माती साचत गेली आणि उताराच्या आपोआप पायऱ्या झाल्या. 1980 च्या दशकात तो आणि रिचर्ड ग्रिमशॉ हे दोघे जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात होते. जमिनीची धूप थांबवायला तेव्हा बुलडोझर लावून मातीचे बांध घालण्याची पद्धत होती. खर्च मोठा, आणि एका जोरदार पावसात बांध फुटला की साचलेलं सगळं पाणी एकाच जागेतून धावणार. या दोघांनी त्याऐवजी वाळ्याची रांग पुढे केली. 1993 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने यावर एक आख्खं पुस्तक काढलं. थायलंडच्या राजाने, भूमिबोल यांनी, ही गोष्ट मनावर घेतली आणि 1996 साली पहिली आंतरराष्ट्रीय वाळा परिषद त्यांच्याकडे चिआंग राय इथे भरली. आपल्या माठातल्या जुडीसाठी आंतरराष्ट्रीय परिषद! आजी असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. बांधावर लावतात तो दक्षिण भारतीय वाळा बी धरत नाही. (उत्तरेतला रानटी वाळा धरतो, म्हणून बांधाला तो घेत नाहीत.) म्हणजे याचा प्रसार वारा करत नाही, पक्षी करत नाहीत. कुणीतरी ठोंब फोडून कुणाच्या तरी हातात दिला तरच तो पुढे जातो. 1998 मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी वाळ्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियाबाहेरच्या 29 देशांतून 60 नमुने आले होते. त्यांतले 53 निघाले एकाच झाडाचे क्लोन! त्या क्लोनला नाव पडलं 'सनशाइन', अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका गावावरून. तिकडेही बायका ही मुळं कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या, अगदी आपल्यासारख्याच. म्हणजे आपल्याकडची एक जुडी हातोहात जगभर गेली. 'कॉपी-पेस्ट'चं याहून जुनं आणि उपयोगी उदाहरण माझ्या माहितीत नाही. अर्थात सगळी दुनिया एकाच कॉपीवर चालवण्याचा धोकाही आलाच. त्या क्लोनला मारणारा एखादा रोग उद्या आला, तर बॅकअप नाही. शास्त्रज्ञांनी तेव्हाच हा इशारा दिला होता.

दुसरा धोका मात्र आपणच आहोत. हैती हा छोटा देश अत्तराच्या वाळा-तेलाचा मोठा पुरवठादार. तिथे डोंगरउतारावर वाळा लावतात आणि तेलासाठी मुळासकट खणून काढतात. उतारावरची माती मोकळी होते आणि पावसाबरोबर निघून जाते. जे गवत जगभर माती धरायला लावतात, तेच तिथे माती सोडायला कारण होतं. दोष गवताचा नाही आणि पोटासाठी खणणाऱ्याचाही नाही. पण मूळ एकच. ते एक तर जमिनीत राहील, नाही तर बाजारात जाईल.

असो. घरी लावायचा तर कसा, ते सांगतो. बाजारातली सुकी जुडी पेरून काही उगवत नाही, जिवंत ठोंब हवा. तो फोडून दोन-तीन फुटव्यांचे गड्डे करायचे, वरची पानं वीतभर ठेवून कापायची, मुळं चार बोटं ठेवायची. पावसाच्या सुरुवातीला लावायचे. ऊन भरपूर लागतं, सावलीत कोवळं रोप रुसतं. एकदा धरलं की मग फारसे लाड नाहीत, वर्षातून एकदा-दोनदा पानं गुडघ्याखाली छाटली की झाडोरा दाट होतो. बांधासाठी रांगेत वीतभरापेक्षा कमी अंतर ठेवायचं, नाहीतर फटीतून पाणी वाट काढतं. कुंडी मात्र खोल हवी, मी जुना प्लॅस्टिकचा ड्रम घेतला.

गावाकडे आमच्या घरामागचा मातीचा बांध दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येतोय. बाबा दर वर्षी तिथे दगड रचतात आणि दर वर्षी ते दगड खालच्या वाफ्यात सापडतात. आईला माठात टाकायला वाळा हवाय, बाबांना बांध हवाय, आणि माझ्याकडे ठोंब एकच. परवा तो फोडला, नऊ गड्डे निघाले. एक ड्रममध्ये लावला. त्याची मुळं दीड-दोन वर्षांनी खुशाल काढीन, ड्रममधली माती काही ओढ्याला जात नाही. उरलेले आठ ओल्या गोणपाटात गुंडाळून गावी नेतोय. आठ गड्ड्यांनी बांध होत नाही हे मलाही कळतं. पण पुढच्या वर्षी त्यांचेच साठ-सत्तर होतील. बाबांना एवढंच सांगणार आहे की आईने कितीही मागितला, तरी या रांगेतला वाळा उपटायचा नाही.