गरीची चढाओढ आणि धर्माचा वाटा

नदीच्या काठी पन्नास-शंभर माणसे हाती काठी-दोरी घेऊन ओळीने बसावीत. शिटी वाजताच प्रत्येकाने पाण्यात गरी टाकावी. ठरलेल्या वेळी पुन्हा शिटी वाजावी, ज्याने त्याने धरलेली मासळी काट्यावर तोलून घ्यावी आणि मग ती सगळीच्या सगळी जिवंत मासळी पुन्हा नदीत सोडून द्यावी! असा प्रकार आमच्या मच्छीमार नगरातील वडीलधाऱ्यांस सांगितला तर ते प्रथम हसतील. सोडूनच द्यायची होती तर धरली कशाला, असे ते विचारतील. आणि ज्यांचा संसार जन्मभर मासळीवर चालला त्यांनी हे विचारणे रास्तच होय. परंतु ह्या स्पर्धेत उतरणारा प्रवेशमूल्य भरतो, त्याचे स्नेहीसोबती तोललेल्या वजनामागे ठरावीक रक्कम देतात आणि जमलेला पैसा रुग्णालयास अथवा निराधारांस जातो, हे कळल्यावर तेच वडीलधारे क्षणभर गप्प होतील. धर्मादाय मासेमारीचा हा प्रकार परका दिसत असला, तरी त्यातील चढाओढ आणि त्यातील दान ही दोन्ही आमच्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. आज आमच्यापाशी नाही ती फक्त नदी. हे कसे घडले, तेच ह्या लेखात ज्ञातिबांधवांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ह्या स्पर्धेचे मूळ पाहू. इंग्लंडात गळाने मासे धरण्याचा छंद जुना आहे. आयझाक वॉल्टन ह्याने त्यावर लिहिलेला प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली छापला गेला. परंतु त्या छंदाला सामन्याचे रूप दिले ते मुख्यतः कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांनी. शेफील्डसारख्या शहरातील पोलादकामगार सुटीच्या दिवशी आगगाडीने दूरच्या नदीकाठी जात आणि आपापल्या मंडळांच्या नावाने सामने लढवीत. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी जशी भजनी मंडळे आणि कबड्डीचे संघ उभे केले, तशीच ती मंडळे होत. १९०३ साली त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि १९०६ साली थेम्स नदीवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

ह्या सामन्याची रीत साधी परंतु न्यायाची असते. काठावर ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि कोणी कोणत्या खुंटीपाशी बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला वाईट, असे तेथे होत नाही. एखाद्याच्या वाट्याला उथळ, निपचित पाणी आले तर त्याने त्याच पाण्यात आपले कसब दाखवावयाचे. पाण्याची ओढ कोणीकडे आहे, तळ किती खोल आहे, सावली कोठे पडली आहे, आमिष किती आणि केव्हा टाकावे, हे सारे ज्याला वाचता येते तो जिंकतो. धरलेली मासळी लांब जाळीदार पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवतात आणि तोलून झाली की सोडून देतात. पुढल्या वर्षीचा सामना त्याच मासळीवर व्हावयाचा असतो, एवढे शहाणपण त्यात आहे.

इंग्रजांबरोबर हा छंद हिंदुस्थानात आला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला आणि आपल्या नद्यांतील महसीर हा मासा झुंजीत विलायतेच्या सामन मासळीलाही भारी आहे, असे त्यात प्रतिपादिले. नद्यांतील मासळी सुरुंगाने व विषाने मारण्यास बंदी करणारा कायदा १८९७ साली झाला. आमच्या महाराष्ट्रातही पवईच्या तलावावर गळाने मासे धरणाऱ्या छांदिष्टांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था आहे, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमारापासून महसीरची पिल्ले वाढवून तलावांत व नद्यांत सोडण्याचे काम चालविले.

परंतु मासळी राखावी हे शहाणपण आम्हांला साहेबाकडूनच शिकावे लागले, असे मानणे चुकीचे होईल. रायगड जिल्ह्यात महाडनजीक काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे त्या डोहातील मासळीला कोणी हात लावीत नाही. लोक काठावर उभे राहून माशांना खाणे टाकतात आणि मोठमोठे मासे निर्भयपणे वर येतात. कायद्याच्या पुस्तकात न लिहिलेला हा नियम लोकांनी आपण होऊन पाळला आहे.

आता आमच्या ज्ञातीकडे वळू. काठी आणि फिरकी आमच्या घरात नव्हती. पण गरी होती. कुलाब्याच्या खडकांवरून हातदोरीने मासे धरणे, खाडीच्या तोंडाशी भरतीच्या पाण्यात जिताड्यासाठी आमिष लावून तासन् तास थांबणे, लांब दोराला ओळीने गऱ्या बांधून तो खोल पाण्यात सोडणे, ही कामे जाळ्याइतकीच जुनी आहेत. तांडेलाला पाणी वाचता आले पाहिजे, ही आमच्याकडील पहिली परीक्षा. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा, चंद्राची तिथी आणि भरतीचा जोर ह्यांवरून मासळी कोठे असेल हे तो सांगे. इंग्लंडातील सामनावीर खुंटीपाशी बसून जे कसब दाखवितो, ते हेच. फरक एवढाच की, त्याची चूक झाली तर बक्षीस हुकते. आमच्या तांडेलाची चूक झाली तर चूल पेटत नसे.

चढाओढही आम्हांला नवी नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून झाला की, होड्यांच्या शर्यती आणि नारळ फोडण्याच्या पैजा कित्येक कोळीवाड्यांत रंगतात. आणि दानाविषयी म्हणाल, तर मालवणकडील रापणीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. रापणीचा दोर किनाऱ्यावरून ओढला जात असता जो कोणी त्याला हात लावील त्याला थोडी तरी मासळी द्यावी, अशी तेथील चाल. तो कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा, हे पाहावयाचे नसते. ह्या देण्याला कोणी धर्मादाय म्हणत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही; कारण त्याने दोराला हात लावलेला असतो. आमच्या मते दानाचा ह्याहून सन्मान्य प्रकार सापडणे कठीण. धर्मादाय सामन्याचे मर्मही तेच होय: पैसा नुसता मागावयाचा नाही, काही कसब दाखवून, घाम गाळून तो मिळवावयाचा आणि मग द्यावयाचा.

मग असा सामना मुंबईत नदीवर का होऊ नये? येथे आमच्या लेखाचा दुःखद भाग सुरू होतो. कफ परेडच्या किनाऱ्याला नदी नाही. परंतु मुंबईला मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा अशा चार नद्या आहेत आणि त्यांत मिठीचा आमच्या ज्ञातीशी फार जवळचा संबंध आहे. विहार आणि पवई ह्या तलावांच्या पाण्यावर ती वाहते आणि सुमारे १८ किलोमीटर धावून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. त्या मुखाशी माहीमचा कोळीवाडा आहे. विहारचे धरण १८५६ साली सुरू होऊन १८६० साली पुरे झाले आणि मुंबईला नळाचे पाणी मिळाले. पवईचा तलाव १८९१ साली तयार झाला. म्हणजे ज्या नदीच्या उगमाशी आज छांदिष्ट गरी टाकतात, तिच्याच मुखाशी आमचे बांधव पिढ्यान् पिढ्या बोय, कोळंबी, निवटी आणि चिंबोरी धरीत आले.

ह्याच मुखावर मुंबईतील एक मोठे दानही घडले आहे. माहीम आणि वांद्रे ह्यांमधील पाणी होडीने ओलांडताना माणसे बुडत. ते पाहून जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी अवाबाई ह्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली तेथे बांधीव रस्ता खुला झाला. लेडी जमशेटजी मार्गाने दादर-माहीमकडे जाणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवावे. नदीकाठी दान करण्याची परंपरा आमच्या शहरात अशी थोर आहे.

परंतु त्या नदीचे पुढे काय झाले? काठांवर कारखाने आले, वस्ती आली, सांडपाणी तिच्यात सोडले गेले. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिचा प्रवाह वळविला गेला. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या खाजणांत भर पडली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकरांना एकदम आठवले की हा नाला नव्हे, ही नदी आहे. त्याच वर्षी तिच्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले. परंतु आज त्या काठी खुंट्या ठोकून सामना भरवावयाचा म्हटले तर चिठ्ठी टाकण्याचे कारणच उरत नाही, सर्वच जागा सारख्या वाईट!

कफ परेडच्या रहिवाशांनी हे परक्याचे दुःख मानू नये. आमचा किनाराही असाच आक्रसत गेला. १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे समुद्र हटवून जी जमीन केली, तिला त्या ट्रस्टवरील कफ नावाच्या साहेबाचे नाव मिळाले. नंतर बॅकबेची भरणी आली आणि १९६० नंतरच्या भरणीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. खडक गेले, उथळ पाणी गेले, मुले जेथे पहिली गरी टाकावयास शिकत त्या जागाच गेल्या. ह्या नगराचे नाव मच्छीमारांचे राहिले. पण येथील किती मुलांना आज गरीला गाठ मारता येते, ह्याचे उत्तर घराघराने आपल्यापाशी द्यावे.

येथे स्वतःचा दोषही लपविता कामा नये. नायलॉनच्या फाटक्या जाळ्यांचे तुकडे पाण्यात कोण टाकते? बारीक आसाच्या जाळ्याने वाढ न झालेली मासळी कोण उपसते? महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान धरू नये असा तो नियम. लहान मासळी पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या सामनेवाल्यास आम्ही हसलो. पण तोच धडा आता आमच्या दारी कायदा होऊन आला आहे. वाळणकोंडच्या लोकांना तो न सांगता कळला होता.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र सूचना अशी: नारळी पौर्णिमेच्या उत्सवात होड्यांच्या शर्यतीबरोबर हातदोरीने मासे धरण्याची एक स्पर्धा ठेवावी. जागा चिठ्ठ्यांनी ठरावी, बारीक मासळी गुणांत धरू नये, ती जिवंत सोडावी. वडीलधाऱ्यांनी परीक्षक व्हावे आणि मुलांना पाणी वाचावयास शिकवावे. प्रवेशमूल्याची रक्कम, ज्या घरचा कर्ता माणूस समुद्रावरून परत आला नाही अशा घरच्या मुलांच्या शिक्षणास द्यावी. मात्र दानाचा पहिला वाटा पाण्याला मिळावा, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्पर्धकाने किनाऱ्यावरील जाळ्यांचे तुकडे उचलावेत. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा, ह्या न्यायाने ज्याने किनाऱ्याला हात लावला त्यालाच गरी टाकण्याचा हक्क असावा.

मिठीच्या काठी आमच्या पोरांनी खुंटीपाशी बसून सामना लढवावा असा दिवस येईल की नाही, हे एकट्या आमच्या हाती नाही. पण तो दिवस आला, तर त्या दिवशी गरीला गाठ मारणारा हात आमच्या घरात असला पाहिजे. ती गाठ मात्र आजच शिकविली पाहिजे आणि ते सर्वस्वी आमच्या हाती आहे.