मॅड जॅकचा पिरॅमिड

मंडळी, आता इंग्लंडमधल्या ससेक्सला जाऊ. ब्राइटलिंग गावच्या चर्चच्या आवारात २५ फुटी दगडी पिरॅमिड उभा आहे. जॉन फुलरनं १८११ साली, म्हणजे मरणाच्या २३ वर्षं आधीच, स्वतःसाठी बांधून घेतलेलं हे थडगं. लोक त्याला ‘मॅड जॅक’ म्हणत. उंच टोपी घालून, वाइनची बाटली समोर ठेवून तो आत बसलाय, अशी दंतकथा होती. १९८२ च्या दुरुस्तीत ती खोटी ठरली. तो चारचौघांसारखा जमिनीखालीच पुरलेला आहे. आपण हसतो, आणि दुसरी गोष्ट विसरतो. जमैकात त्याचे मळे होते, तिथं गुलाम राबत. खासदार म्हणून त्यानं पार्लमेंटात गुलामगिरीची बाजू घेतली. विक्षिप्तपणाची आठवण टिकली, राबणाऱ्यांची नाही. म्हणून थडगं पाहताना, धनी कोण एवढ्यावर न थांबता, त्याच्यासाठी कोण खपलं हेही आपण विचारायला हवं.