लोकशाही नूतनीकरण पक्ष (पोर्तुगाल)

लोकशाही नूतनीकरण पक्ष (पोर्तुगीज: पार्तिदु रेनोवादोर देमोक्रातिकु) हा पोर्तुगालमधील एक मध्यममार्गी राजकीय पक्ष होता. राष्ट्राध्यक्ष आंतोनियो रामाल्हो इयानेस यांच्या समर्थकांनी १९८५ साली त्याची स्थापना केली. सार्वजनिक जीवनातील नैतिकता हा त्याच्या प्रचाराचा मुख्य विषय होता.

ऑक्टोबर १९८५च्या निवडणुकीत पक्षाने सुमारे १८ टक्के मते व २५०पैकी ४५ जागा मिळवून तिसरे स्थान पटकावले. राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर इयानेस यांनी १९८६मध्ये पक्षाचे नेतृत्व स्वीकारले.

एप्रिल १९८७मध्ये पक्षाने अनिबाल काव्हाको सिल्व्हा यांच्या अल्पमतातील सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. समाजवादी व साम्यवादी सदस्यांच्या पाठिंब्याने तो संमत झाला. मात्र पर्यायी सरकार स्थापन होऊ न देता राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस यांनी संसद विसर्जित केली. जुलैमधील निवडणुकीत काव्हाको सिल्व्हा यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. नूतनीकरण पक्षाकडे मात्र अवघ्या ७ जागा उरल्या व इयानेस यांनी नेतृत्व सोडले. अशा रीतीने सरकार पाडणारा ठरावच पक्षाच्या ऱ्हासास कारणीभूत ठरला.

१९९१मध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पुढे अतिउजव्या गटाने पक्ष ताब्यात घेतला आणि २०००च्या सुमारास त्याचे रूपांतर राष्ट्रीय नूतनीकरण पक्षात झाले. मूळच्या मध्यममार्गी भूमिकेशी या नव्या पक्षाचे कोणतेही वैचारिक नाते नव्हते.